गृहकर्ज चालू असलेला फ्लॅट भाड्याने द्यायचाय, बँकेची परवानगी कशी मागायची?

सुपर्णा_कासारवडवली

नमस्कार. घोडबंदर रोडला कासारवडवलीत आमचा टू बीएचके आहे. २०१९ मध्ये घेतला. कर्ज एका राष्ट्रीयीकृत बँकेचं, हप्ता ४६,००० आणि अजून १३ वर्षं फेडायचंय. मिस्टरांची बदली नाशिकला सातपूरच्या प्लांटवर झालीये, त्यामुळे जूनपासून मुलीची शाळाही तिकडेच. दोन-तीन वर्षांत परत यायचंय, म्हणून घर विकायचं नाही. रिकामं ठेवून हप्ता आणि नाशिकचं भाडं दोन्ही भरणं मात्र जमणार नाही.

अडचण अशी आहे. सँक्शन लेटर काढून नीट वाचलं. त्यात स्पष्ट अट आहे की बँकेच्या लेखी पूर्वपरवानगीशिवाय घर भाड्याने द्यायचं नाही किंवा ताबा दुसऱ्याकडे सोपवायचा नाही. शाखेत विचारलं तर काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "असा काही फॉर्मच नाही मॅडम, हप्ते वेळेवर भरा, देऊन टाका." पण त्याचं तोंडी बोलणं उद्या कोण मान्य करणार? आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी म्हणतात, बँकेची एनओसी आणा, मगच भाडेकरूला आत सोडू.

ब्रोकरने दोन पार्ट्या आणल्यात. एक नवरा-बायको, दोघंही ऐरोलीला आयटीत. भाडं ३२,०००, डिपॉझिट दीड लाख. दुसरं कुटुंब हेवी डिपॉझिटवाल्यांचं. १५ लाख डिपॉझिट, भाडं फक्त १५,००० आणि त्यांना तीन वर्षं पक्की हवीत. मिस्टरांचा ओढा दुसरीकडे आहे, कारण ते १५ लाख थेट कर्जात भरता येतील. मला मात्र एवढी परक्याची रक्कम डोक्यावर नको वाटते.

बँकेकडे नेमकं काय मागायचं, कोणाकडे, आणि नाही म्हणाले तर पुढे काय? ज्यांनी हे केलंय त्यांनी सांगा, प्लीज.

वर्तकनगरकर

ताई, एवढा विचार करू नका. आमच्या बिल्डिंगमध्ये अर्धे फ्लॅट भाड्याने आहेत आणि बहुतेकांवर कर्ज आहे. कुणीही बँकेला विचारलेलं नाही. हप्ता गेला की बँक खूश.

नौपाडा_निवृत्त

सुपर्णाताई, मी बँकेतून निवृत्त झालो, शेवटची काही वर्षं गृहकर्ज विभागातच होतो. तुमच्यासारखे अर्ज माझ्या टेबलावर येत असत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी वर्तकनगरकरांच्या मुद्द्याबद्दल. ते म्हणतात ते खरं आहे. हप्ते वेळेवर जात असतील तर बँक दार वाजवून कोण राहतं ते बघत नाही. पण ही गोष्ट नेमकी नको त्या वेळी वर येते. टॉप-अप कर्ज मागितलं, व्याज कमी म्हणून कर्ज दुसऱ्या बँकेत न्यायचं ठरवलं, की व्हॅल्युअर, म्हणजे घराची किंमत ठरवणारा, घर बघायला येतो. दार भाडेकरू उघडतो आणि रिपोर्टमध्ये तसं लिहिलं जातं. आणि कधी आजारपण, नोकरी असं काही होऊन हप्ते थकलेच, तर बँकेशी मुदत किंवा सवलत मागायला बसता तेव्हा "करारातली अट मोडली" हा कागद आधीच समोरच्याच्या हातात असतो. तो का द्यायचा?

ही अट बँका घालतात त्याला कारण आहे. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ मध्ये कलम ६५अ आहे. त्याप्रमाणे घर गहाण ठेवलेला माणूसही ते भाडेपट्ट्याने देऊ शकतो आणि तो पट्टा बँकेवरही बंधनकारक होतो. फक्त त्याला मर्यादा आहेत. भाडं रास्त हवं, पागडी (घर देताना घेतलेली एकरकमी रक्कम) किंवा आगाऊ भाडं घ्यायचं नाही, मुदत संपल्यावर पट्टा पुन्हा देण्याचं वचन द्यायचं नाही आणि इमारतीचा पट्टा तीन वर्षांपेक्षा जास्त नको. २०१४ मध्ये हर्षद सोंडागर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की बँकेची वसुलीची नोटीस येण्याआधी या कायद्याला धरून दिलेला पट्टा अजून चालू असेल, तर अशा भाडेकरूला बँक थेट बाहेर काढू शकत नाही. आता बँकेच्या बाजूने बघा. उद्या वसुलीची वेळ आली आणि आत हक्क असलेला भाडेकरू बसलेला असेल तर घर विकणार कसं? मात्र हेच ६५अ असंही सांगतं की गहाणाच्या करारात वेगळं लिहिलं असेल तर तेच लागू होईल. म्हणून प्रत्येक सँक्शन लेटरमध्ये "लेखी परवानगीशिवाय नाही" हे वाक्य येतं. तुमच्यावर अविश्वास म्हणून ते लिहिलेलं नसतं.

म्हणून बँकेला भीती कशाची आहे ते ओळखून अर्ज करायचा. तुम्ही लिव्ह अँड लायसन्सवर देणार, म्हणजे वापरायची फक्त परवानगी देणार. घरात राहणाऱ्याचा कसलाही हक्क निर्माण होत नाही. हे अर्जात ठळक लिहा. अर्ज शाखा व्यवस्थापकांच्या नावे करा आणि प्रत त्या शाखेचं गृहकर्ज ज्या प्रोसेसिंग सेंटरमधून चालतं तिथे द्या. मूळ कागद तिकडेच असतात आणि निर्णयही बहुधा तिकडूनच येतो. "फॉर्म नाही" हे बरोबर आहे, बहुतेक ठिकाणी छापील फॉर्म नसतोच. साध्या कागदावर, मराठीत लिहिलं तरी चालतं. मजकूर साधारण असा ठेवा:

"माझे गृहकर्ज खाते क्रमांक अमुक. सदर कर्जाचे हप्ते आजपर्यंत नियमित भरले आहेत. पतीची नाशिक येथे बदली झाल्यामुळे कासारवडवली येथील सदनिका २४ महिन्यांसाठी लिव्ह अँड लायसन्स तत्त्वावर देण्याचा विचार आहे. मासिक शुल्क ३२,००० रुपये व परत करावयाची अनामत रक्कम १,५०,००० रुपये असेल. करार नोंदणीकृत असेल व त्यातून सदनिकेत कोणताही भाडेहक्क निर्माण होणार नाही. मंजुरीपत्रातील अमुक अटीनुसार लेखी परवानगी मिळावी. कराराचा मसुदा सोबत जोडला आहे."

हप्ते नियमित असल्याचं खात्याचं स्टेटमेंट आणि बदलीचं पत्रही जोडा. बदलीचं पत्र फार उपयोगी पडतं. दोन प्रती न्या, एका प्रतीवर इनवर्डचा शिक्का आणि तारीख घ्या. शिक्का द्यायला टाळाटाळ केली तर स्पीड पोस्टाने पाठवा आणि शाखेच्या अधिकृत ईमेलवरही टाका. महिनाभर उत्तरच आलं नाही तर आधी बँकेच्या तक्रार निवारणाकडे लेखी तक्रार करा. तिथेही ३० दिवसांत काही झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. बहुतेक वेळा तिथवर जावं लागत नाही. माझ्या वेळी अशा पत्रांना उत्तर उशिरा जायचं ते कुणी नाकारतंय म्हणून नव्हे, तर कागद कुठल्या टेबलावर न्यायचा हेच कुणाला माहीत नसायचं म्हणून. अधूनमधून जाऊन विचारत राहा.

आता हेवी डिपॉझिटचं. ताई, तुम्हाला जे वाटतंय ते बरोबर आहे, आणि हे मी मनापासून सांगतो. साहेबांना हा हिशेब दाखवा. दीड लाखाऐवजी १५ लाख, म्हणजे साडेतेरा लाख जादा येणार. ते कर्जात भरले आणि व्याज साडेआठ टक्के धरलं, तर पहिल्या वर्षी साधारण १,१५,००० रुपये व्याज वाचेल. त्यापायी दरमहा १७,००० भाडं सोडताय, म्हणजे वर्षाला २,०४,०००. हिशेबातच तोटा आहे. आणि तीन वर्षांनी ते कुटुंब निघताना १५ लाख परत द्यायचे कुठून? पैसे तर कर्जात गेलेले. ते म्हणतील, रक्कम द्या मग चावी देतो. पुढचा भाडेकरू तेवढंच डिपॉझिट देणारा मिळेपर्यंत तुमचंच घर तुम्हाला मिळत नाही. ठाण्यात आणि मुंबईत ही पद्धत सर्रास चालते, पण गहाण घरावर ती दोन्ही कुटुंबांना अडचणीत आणते. त्यांच्याही १५ लाखांना काही तारण नसतं, कारण घरावर पहिला हक्क बँकेचा. शिवाय बँकेला हे कळलं तर परवानगी मिळणं कठीण. एवढी मोठी रक्कम बघितली की अधिकाऱ्याला पागडीच दिसते.

कराराची नोंदणी केलीच पाहिजे. ११ महिन्यांचा असो वा २४ चा, महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे ती मालकाची जबाबदारी आहे. नोटरी करून भागत नाही. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० पर्यंत दंड असू शकतो. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे वाद झाला तर कराराच्या अटींबद्दल भाडेकरू सांगेल ते आधी खरं धरलं जातं. तुमच्या आकड्यांवर मुद्रांक शुल्क फार नाही. २४ महिन्यांचे ७,६८,००० आणि डिपॉझिटवर वर्षाला १० टक्क्यांनी ३०,०००, असे मिळून ७,९८,०००. त्यावर पाव टक्का म्हणजे २,००० च्या आत. नोंदणी शुल्क १,०००. बाकी एजंटाची फी.

ऐरोली_सेक्रेटरी

मी स्वतः सोसायटीचा सेक्रेटरी आहे, म्हणून सोसायटीच्या बाजूने थोडं. आदर्श उपविधींप्रमाणे (सोसायट्यांसाठीचे नमुना नियम) सभासदाला लिव्ह अँड लायसन्ससाठी सोसायटीची परवानगी लागत नाही. नोंदणीकृत कराराची प्रत आणि पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत सोसायटीला आधी द्यायची असते, एवढंच. बँकेची एनओसी मागण्याचा सोसायटीला अधिकार नाही. कर्जाच्या वेळी सोसायटीने बँकेला दिलेल्या पत्रात फ्लॅटचं हस्तांतरण बँकेच्या संमतीशिवाय करणार नाही असं लिहिलेलं असतं, ते विक्रीबद्दल. तुमचे सेक्रेटरी बहुतेक तीच गोष्ट इथे लावतायत. वाईट हेतू नसेल, पण त्यांना शांतपणे सांगा.

नॉन-ऑक्युपन्सी चार्ज, म्हणजे मालक स्वतः राहत नसल्याबद्दल सोसायटी घेते ते शुल्क, द्यावा लागेल. तो सेवाशुल्काच्या १० टक्क्यांच्या वर घेता येत नाही, २००१ च्या शासन निर्णयापासून हे ठरलेलं आहे. सेवाशुल्क म्हणजे बिलातली सगळी बेरीज नव्हे, त्यातून महापालिकेचा कर वगळायचा. काही सोसायट्या भाड्यावर टक्केवारी लावतात, ते बेकायदा आहे. तुमच्या बिलात असं दिसलं तर लेखी विचारा.

नौपाडा_निवृत्त

सेक्रेटरी साहेबांशी सहमत. सोसायटीने मागणं चूक आहे. तरीही ताई, बँकेचं पत्र मिळालं की एक प्रत सोसायटीत देऊन टाका. अधिकार त्यांचा नाही हे खरं, पण समितीशी वाद नाशिकला बसून घालायचा नसतो.

खारघर_ते_नेरुळ

मी भाडेकरू आहे. मालकांच्या चर्चेत बोलतोय, पण आमची बाजूही लक्षात घ्या.

खारघरला राहत होतो तेव्हा एक दिवस ऑफिसहून आलो तर दारावर कागद चिकटवलेला. घराच्या ताब्याची नोटीस. मालकाने कर्ज आहे हे सांगितलंच नव्हतं आणि हप्ते कधीपासून थकलेले. बायको घाबरून गेली, शेजारी येऊन वाचून जात होते. नंतर तीच नोटीस वर्तमानपत्रातही आली. त्या बँकेच्या अधिकाऱ्याला जाऊन भेटलो. त्याने नीट समजावलं. हप्ता ९० दिवसांपेक्षा जास्त थकला की कर्ज बुडीत खात्यात धरलं जातं, मग कर्जदाराला ६० दिवसांची नोटीस जाते आणि ती मिळाल्यावर कर्जदाराला बँकेच्या लेखी संमतीशिवाय घर भाडेपट्ट्याने देता येत नाही. आमचा करार त्या नोटिशीच्या आधीचा होता, तेवढा एक दिलासा. पण तोही लायसन्सचाच, म्हणजे तिथे राहण्याचा हक्क सांगायला हातात फार काही नव्हतं. ज्यांना भाडेहक्क सांगायचाय त्यांना ऋण वसुली न्यायाधिकरणात जावं लागतं. आम्ही मालकाशी बोलून उरलेलं भाडं डिपॉझिटमधून वळतं करून घेतलं आणि घर सोडलं. वर्ष मधोमध असताना मुलाची शाळा बदलावी लागली.

म्हणून आता नेरुळला घर घेताना मी पहिला प्रश्न हाच विचारला, कर्ज आहे का, आणि बँकेचं पत्र आहे का? मालकीणबाईंनी पत्र दाखवलं तेव्हा त्यांच्याबद्दल एकदम विश्वास वाटला. भाडंही मी घासाघीस न करता मान्य केलं. ताई, ही परवानगी तुम्ही बँकेसाठी घेताय असं समजू नका. जे नवरा-बायको येणार आहेत त्यांना ती दाखवा.

सुपर्णा_कासारवडवली

सगळ्यांचे मनापासून आभार. काका, तुमचा व्याजाचा हिशेब मिस्टरांना दाखवला. त्यांनी स्वतः कॅल्क्युलेटरवर करून पाहिला आणि हेवी डिपॉझिटचा विषय तिथेच संपला. खारघरच्या दादांचं वाचून तर वाटलं, त्या दुसऱ्या कुटुंबालाही आपण कशात ओढत होतो. ब्रोकर नाराज आहे, असू दे.

अर्ज तुमच्या मजकुराप्रमाणे दिला. शाखेत आधी शिक्का देईनात, "वरून विचारतो" म्हणाले. मग ईमेल आणि स्पीड पोस्ट दोन्ही केलं. प्रोसेसिंग सेंटरमधल्या बाईंना फोन लागला, त्यांनी अगदी व्यवस्थित ऐकून घेतलं. आज पत्र आलं! परवानगी दिलीये, पण अटी आहेत. करार फक्त लिव्ह अँड लायसन्सचा आणि नोंदणीकृत, नोंदणीनंतर प्रत बँकेत द्यायची, मुदतवाढ करायची तर नव्याने परवानगी आणि "बँकेने मागणी केल्यास लायसन्सीने सदनिका रिकामी करून द्यावी" (लायसन्सी म्हणजे राहायला येणारा) असं कलम करारात हवं.

दोन शंका आहेत. हे शेवटचं कलम वाचून ऐरोलीचे ते दोघं पळून जातील का? आणि हप्त्याच्या व्याजाची कर-सवलत भाड्याने दिल्यावर जाते का? आम्ही नव्या करपद्धतीत आहोत.

ऐरोली_सेक्रेटरी

कराचं मी सांगतो, माझाही एक फ्लॅट भाड्याने आहे. नव्या पद्धतीत स्वतः राहत असलेल्या घराच्या व्याजाची वजावट मिळतच नाही, त्यामुळे तुमचं जाण्यासारखं काही नाहीये. उलट भाड्याने दिल्यावर मिळते. भाड्यातून घरपट्टी वजा, मग ३० टक्के सरसकट वजा आणि मग व्याज वजा. तुमचं व्याज मोठं आहे, त्यामुळे भाड्यावर कर पडणार नाही असं दिसतंय. फक्त उरलेला तोटा पगारातून वजा करता येत नाही. भाडं रिटर्नमध्ये दाखवा मात्र नक्की.

नौपाडा_निवृत्त

छान झालं ताई, पत्र लवकर आलं.

ते कलम लपवू नका आणि बारीक अक्षरात एजंटाच्या छापील मसुद्यात ढकलूही नका. दोघांना समोर बसवून समजावून सांगा की हे हप्ते थकले आणि बँकेने वसुली सुरू केली तरच लागू होईल. करारात तसं लिहिता येतं का ते बँकेला ईमेलवर विचारा. "बँकेने कर्जवसुलीची कारवाई सुरू केल्यास" एवढे शब्द जोडायला सेंटर बहुधा हरकत घेणार नाही. त्यासोबत तुमच्याकडून त्यांना एक हमी द्या. बँकेच्या कारणाने मुदतीआधी घर सोडावं लागलं तर संपूर्ण डिपॉझिट घर सोडण्याच्या दिवशीच परत मिळेल आणि त्या महिन्याचं भाडं घेणार नाही. ही अट तुमच्या बाजूने न्याय्य आहे आणि त्यांची भीती जाते. दीड लाख वेगळ्या एफडीत ठेवा, म्हणजे शब्द पाळता येईल.

भाडं हप्ता जातो त्याच खात्यात जमा होईल असं करा. ३२,००० तिथे आले की वरचे १४,००० तेवढे दरमहा तुम्हाला टाकायचे. तारीखही जुळवा. हप्ता ५ तारखेला जात असेल तर करारात भाडं १ तारखेला लिहा.

घराचा विमा कर्जासोबत काढलेला असेल, त्या विमा कंपनीलाही आता भाडेकरू राहणार हे लेखी कळवा. आणि पोलिसांत भाडेकरूची माहिती विसरू नका, ठाणे पोलिसांकडे ऑनलाइन होते. त्याची पोच सोसायटीला लागेल.

सुपर्णा_कासारवडवली

बँकेला ईमेल केलाय. डिपॉझिटच्या हमीची ओळ करारात घालायला एजंटाला सांगितली. तो म्हणाला, "असं कोणी लिहीत नाही." म्हटलं, आमच्या करारात लिहा. रविवारी ते दोघं घर बघायला पुन्हा येतायत, तेव्हा बँकेचं पत्र आणि मसुदा दोन्ही समोर ठेवणार आहे. नोंदणीचे अंगठे त्यांनी वाचून हो म्हटल्यावरच.